सही न घेतलेला जामीनदार

लोअर परळला फिनिक्स मिलच्या जागी उभ्या राहिलेल्या मॉलमध्ये एखाद्या परदेशी नावाच्या दुकानात शिरावे, शर्टाची कॉलर उलटावी आणि आत शिवलेली इवलीशी पट्टी वाचावी. पुष्कळदा तिच्यावर 'मेड इन बांगलादेश' असे लिहिलेले सापडते. नाव स्पेनचे किंवा स्वीडनचे, शिलाई ढाक्याच्या आसपासची आणि सूत बहुधा आपल्याच देशातले. कारण बांगलादेशाला सुताचा मोठा पुरवठा भारतातूनच होत आला आहे. म्हणजे आपल्याकडचा कापूस सूत होऊन सरहद्दीपलीकडे जातो आणि शर्ट होऊन परत येतो. येतो तो कुठे, तर जेथे एके काळी सूतही निघत होते आणि कापडही विणले जात होते, नेमक्या त्याच आवारात.

हा प्रवास आपोआप होत नाही. त्यासाठी दोन सरकारांना बसून जकात ठरवावी लागते, किती माल आत येऊ द्यायचा आणि कोणत्या नाक्यावरून, हे ठरवावे लागते. उद्योजकांना आपसांत भाव आणि मुदती ठरवाव्या लागतात. बँकांना पैशाची हमी घ्यावी लागते. या सगळ्या खटाटोपाला 'प्रादेशिक आर्थिक सहकार्य' असे भारदस्त नाव आहे. त्याची बातमी येते तेव्हा पहिल्या पानावर हस्तांदोलनाचे छायाचित्र असते, आतल्या पानावर आकडे असतात, आणि घरातले कोणीही ते आकडे वाचत नाही. आज रविवार आहे, थोडी सवड आहे, तर ते आकडे जरा उलगडून पाहावेत. सरहद्दीपलीकडच्या व्यवहारांची किंमत शेवटी कोण मोजतो, याचा जितका अनुभव डिलाईल रोडने घेतला आहे तितका मुंबईतल्या फार थोड्या रस्त्यांच्या वाट्याला आला असेल.

मी याच रस्त्यावरच्या बीडीडी चाळीत वाढले. वडील गिरणीत साचे चालवत. १९८२ चा संप सुरू झाला तेव्हा ते घरी बसले ते बसलेच. मी बँकेची परीक्षा देऊन कारकून म्हणून लागले आणि पुढे अधिकारी होऊन परकीय चलन विभागात बरीच वर्षे काढली. कादंबऱ्या नंतर सुचल्या. बँकेने मात्र एक गोष्ट पक्की शिकवली. कर्जाच्या कागदावर तीन पक्ष असतात. कर्ज देणारी बँक, कर्ज घेणारा ऋणको आणि त्याचा जामीनदार. ऋणकोचे बरे चालले तर जामीनदाराला कोणी कपभर चहाही पाजत नाही. तो बुडाला की नोटीस मात्र जामीनदाराच्या दारावर येते. म्हणूनच त्याची सही घेतल्याशिवाय त्याला जबाबदार धरता येत नाही, हा साधा नियम आहे.

देशादेशांतले आर्थिक करार पाहिले की मला सारखे वाटते, येथे दोनच सह्या आहेत. एक सरकारची आणि दुसरी, कधी उघड तर कधी आडून, उद्योगाची. ज्याच्या हातून माल तयार होतो तो तिसरा माणूस या व्यवहाराला जामीन राहिलेला असतो. त्याची सही मात्र कोणी घेतलेली नसते.

गोष्ट जुनी आहे. १८९३ साली जमशेटजी टाटा जपानला गेले. मुंबईहून पूर्वेकडे जाणाऱ्या कापसाच्या आणि सुताच्या वाहतुकीवर तेव्हा पी. अँड ओ. या ब्रिटिश जहाज कंपनीची पकड होती आणि ती म्हणेल ते भाडे मोजावे लागे. टाटांनी निप्पॉन युसेन काइशा या जपानी कंपनीशी बोलणी केली आणि त्याच वर्षी मुंबई ते कोबे अशी नवी जहाजसेवा सुरू झाली. पी. अँड ओ. ने भाडे इतके पाडले की टाटांना आपली जहाजे लवकरच थांबवावी लागली. पण जपानी कंपनी टिकली आणि मार्ग कायमचा मोकळा झाला. दोन आशियाई देशांतल्या व्यापाऱ्यांनी साम्राज्याच्या मक्तेदारीला धक्का दिला, म्हणून या घटनेचे कौतुक होते आणि ते रास्तच आहे. मात्र याच मार्गाने भारतातला स्वस्त कापूस जपानी चात्यांवर पोचू लागला, आणि पुढच्या वीसएक वर्षांत जपानी सुताने चीनच्या बाजारातून मुंबईचे सूत जवळजवळ हुसकून लावले. मुंबईच्या सुताचे मोठे गिऱ्हाईक चीनच होते. करार चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. पण वारा फिरला तर त्रासनखात्यातल्या माणसाचे काय होईल, हे विचारणारे त्या बोलण्यांत कोणी नव्हते.

चाळीस वर्षांनी हाच खेळ अधिक पद्धतशीरपणे खेळला गेला. जपानी कापड भारतात इतक्या स्वस्तात येऊ लागले की जून १९३३ मध्ये ब्रिटनखेरीज इतर देशांच्या कापडावरची जकात ७५ टक्क्यांवर नेण्यात आली. जपानी गिरण्यांनी उत्तरादाखल भारतीय कापूस घेणेच थांबवले. आता पंचाईत अशी, की वऱ्हाड-खानदेशातला आखूड धाग्याचा कापूस जपान घेत असे. त्या कापसाला व्यापारात 'ऊमरा' म्हणत, आणि ते नाव अमरावतीवरून पडलेले. जकात वाढली म्हणून मुंबईचा गिरणीमालक खूश, आणि त्याच जकातीमुळे वऱ्हाडचा शेतकरी हवालदिल. शेवटी सिमल्याला दोन्ही सरकारांची बोलणी सुरू झाली आणि जानेवारी १९३४ मध्ये तोडगा निघाला. जपानने वर्षाला १० लाख गाठी कापूस घेतला तर त्याला ३२ कोटी ५० लाख वार कापड भारतात पाठवता येईल. १५ लाख गाठी घेतल्या तर जास्तीत जास्त ४० कोटी वार. जकात ५० टक्क्यांवर उतरली.

त्याआधीच, ऑक्टोबर १९३३ मध्ये, मुंबई गिरणीमालक संघाचे होमी मोदी आणि लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे विल्यम क्लेअर-लीस यांनी आपसांत एक करार करून टाकला होता. तो 'लीस-मोदी करार' म्हणून प्रसिद्ध आहे. त्यावर देशात बरीच टीका झाली, ती लँकेशायरला सवलत दिली म्हणून. पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. आधी उद्योगाने उद्योगाशी जमवायचे आणि मग सरकारने मान डोलवायची, हा आजही चालणारा नमुना तेव्हाच तयार झालेला दिसतो.

या करारांमागचे डोके दाद देण्यासारखे होते. कापसाच्या गाठीला कापडाचा वार बांधायचा, म्हणजे दोघांनाही तोडता येणार नाही. एका बाजूला शेतकरी सांभाळला, दुसऱ्या बाजूला गिरणीमालक. राहिला साच्यावरचा माणूस. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत पगार कापले जात होते, एकेका माणसाकडे जास्त साचे दिले जात होते. एप्रिल १९३४ मध्ये गिरणगावात सार्वत्रिक संप झाला. परदेशी स्पर्धेचा ताण गाठींत मोजला गेला, वारांत मोजला गेला. पण तो पगारातही उतरत होता आणि ते माप मसुद्यात कुठेच नव्हते.

हे माप मसुद्यात असूच शकत नाही, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर याच रस्त्याच्या सरकारी नावात आहे. आम्ही अजून डिलाईल रोड म्हणत असलो तरी पाटीवर ना. म. जोशी मार्ग असे आहे. नारायण मल्हार जोशी हे कुलाबा जिल्ह्यातल्या गोरेगावचे. गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या भारत सेवक समाजात ते दाखल झाले आणि १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. कामगार वस्तीत रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने चालवणारा हा शांत स्वभावाचा मनुष्य ऑक्टोबर १९१९ मध्ये वॉशिंग्टनला गेला. पहिले महायुद्ध संपल्यावर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची ती पहिली परिषद होती आणि जोशी तेथे भारतातल्या कामगारांचे प्रतिनिधी होते.

या संघटनेची बैठकच वेगळी होती. प्रत्येक देशाने सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक असे प्रतिनिधी पाठवायचे, आणि कामगाराच्या प्रतिनिधीने आपल्याच देशाच्या सरकारविरुद्ध मत दिले तरी ते मोजायचे. तिसरी खुर्ची प्रथमच मांडली गेली होती. तिने काय साधले? १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरणीत प्रौढ पुरुषाकडून दिवसाला १२ तास काम घेता येत होते. वॉशिंग्टनला कामाच्या तासांचा जो ठराव झाला त्यात हिंदुस्थानसाठी आठवड्याला ६० तासांची मर्यादा वेगळी लिहिली गेली आणि १९२२ मध्ये ती आपल्या कायद्यात आली. इतर बहुतेक देशांना ४८ तास लागू झाले आणि आपल्याला ६०, ही कुरबुर तेव्हाही होती. तरी १२ तासांच्या पाळीतून सुटलेल्या माणसाला विचारले असते तर तो काय म्हणाला असता, हे सांगायला नको.

जोशींची ती खुर्चीही निर्दोष नव्हती. त्यांना नेमले होते सरकारने. आमचा प्रतिनिधी तुम्ही कोण ठरवणार, हा प्रश्न कामगार चळवळीने लगेच विचारला, आणि ३१ ऑक्टोबर १९२० रोजी मुंबईत लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली आयटकची स्थापना झाली. पुढे त्याच संघटनेचे सरचिटणीस म्हणून जोशींनी अनेक वर्षे काम केले. खुर्ची मिळाली की तिच्यावर कोणी बसायचे हा वाद निघतो, तो निघावाच. पण वाद घालायला आधी खुर्ची असावी लागते.

सहकार्य म्हणजेच फसवणूक असा माझा सूर आहे, असे मात्र कोणी समजू नये. निमूटपणे चाललेले उत्तम सहकार्य मी नोकरीत रोज पाहिले आहे. १९७४ साली संयुक्त राष्ट्रांच्या आशियाई आर्थिक आयोगाच्या पुढाकाराने 'एशियन क्लिअरिंग युनियन' स्थापन झाली. तिचे मुख्यालय तेहरानला. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, इराण हे तिचे सुरुवातीचे सभासद; पुढे म्यानमार, भूतान आणि मालदीवही आले. तिचे काम समजायला अर्थशास्त्र लागत नाही, गिरणगावातल्या उधारीची वही आठवली तरी पुरे. खानावळवाली मावशी वाण्याचे देणे लागते, वाण्याचा गडी मावशीकडे जेवतो, आणि शिंपी दोघांचेही देणे लागतो. प्रत्येक वेळी रोख मोजत बसण्यापेक्षा पगाराच्या संध्याकाळी वह्या उघडायच्या, देणे-घेणे वजा करायचे आणि उरलेल्या फरकाचेच पैसे द्यायचे. देशांच्या मध्यवर्ती बँका हेच दर दोन महिन्यांनी करत. डॉलर कमी लागत, कारण पूर्ण रक्कम मोजावी लागत नसे.

भारत आणि पाकिस्तान यांचे राजकारणात काहीही चालू असले तरी दोघेही या वहीचे सभासद राहिले. १९९९ साली कारगिलला तोफा चालल्या तरी सभासदत्व सुटले नाही. पुढे अमेरिकेचे निर्बंध आले आणि डिसेंबर २०१० मध्ये रिझर्व्ह बँकेने इराणबरोबरची देणी या व्यवस्थेबाहेर चुकवायला सांगितली, तेव्हा ही वही किती नाजूक आहे तेही दिसले. तरीसुद्धा शेजाऱ्यांना एकमेकांवर प्रेम नसतानाही एक वही चालवता येते, हा धडा छोटा नाही.

आता शर्टाकडे वळू. १९७४ सालीच श्रीमंत देशांनी 'मल्टी फायबर अरेंजमेंट' नावाची व्यवस्था आणली. आपल्या गिरण्या वाचवण्यासाठी त्यांनी प्रत्येक गरीब देशाला कापडाचा आणि कपड्यांचा कोटा ठरवून दिला. ती आणि तिच्यामागून आलेली व्यवस्था मिळून २००४ च्या अखेरपर्यंत चालली. दक्षिण कोरियाचा कोटा भरला, तेव्हा तेथल्या देवू कंपनीने असा देश शोधला ज्याच्यावर कोट्याची बंधने नव्हती. देवूने बांगलादेशातल्या 'देश गारमेंट्स' या कंपनीशी करार केला आणि तिची १३० माणसे शिकण्यासाठी कोरियातल्या पुसानला नेली. सहा महिन्यांनी ती परतली. त्यांतल्या बहुतेकांनी पुढे ती कंपनी सोडून स्वतःचे नाहीतर दुसऱ्यांचे कारखाने उभे केले. जगातल्या एका अवाढव्य उद्योगाचे बी असे पडले.

पण बी रुजायला भांडवल लागते आणि येथे माझ्या जुन्या खात्याचा संबंध येतो. शिंप्याकडे कापड घ्यायला पैसे नाहीत. मात्र हातात परदेशी गिऱ्हाइकाची पक्की ऑर्डर आणि त्याच्या बँकेने दिलेली एलसी, म्हणजे पैशाची हमी आहे. बँक म्हणते, ती एलसी माझ्याकडे ठेव, तिच्या जोरावर मी कापडवाल्याला दुसरी एलसी देते. कपडे रवाना झाले, पैसे आले, की आधी कापडवाल्याचे फेडू आणि राहील ते तुझे. याला 'बॅक टू बॅक एलसी' म्हणतात. बांगलादेशाने ही सोय मोठ्या प्रमाणावर आपल्या शिंप्यांना दिली आणि गाठीला पैसा नसलेल्या देशात कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. लाखो मुली खेड्यातून येऊन महिन्याचा पगार घरी पाठवू लागल्या. बँकेच्या एका कागदाने इतके होऊ शकते, हे पाहिले की या धंद्याचा अभिमान वाटतो.

पुसानहून ती माणसे परतली त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८ जानेवारी १९८२ रोजी, मुंबईत डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मागे कधी घेतला गेलाच नाही. गिरण्या बंद पडल्या त्या बांगलादेशामुळे, असे म्हणणे सोपे आणि खोटे आहे. शर्ट यायच्या फार आधी भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर स्वस्त कापड निघू लागले होते, मालकांनी जुनी यंत्रे बदलली नव्हती आणि गिरणीपेक्षा गिरणीखालची जमीन महाग झाली होती. २००५ साली मुंबई टेक्सटाईल मिलची जमीन लिलावात ७०२ कोटी रुपयांना गेली. तेव्हा ढाक्याच्या मुलीकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. तिची आणि आमची गोष्ट एकच आहे, हेच मला सांगायचे आहे.

कारण दक्षिण आशियाने सहकार्याची चौकट उभी केली ती याच काळात. १९८५ मध्ये ढाक्याला 'सार्क' जन्माला आली. १९९३ मध्ये सवलतीच्या व्यापाराचा 'साप्टा' करार झाला, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला मुक्त व्यापाराच्या 'साफ्टा' करारावर सह्या झाल्या आणि २००६ पासून तो अमलात आला. व्यापाऱ्यांच्या सार्क चेंबरला या चौकटीत मान्यता मिळाली. सप्टेंबर २०११ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग ढाक्याला गेले तेव्हा बांगलादेशाच्या कापड-कपड्यांच्या ४६ बाबींवरची जकात माफ झाली, आणि दोनच महिन्यांनी सार्कमधल्या अतिमागास देशांसाठी भारताने आपली वगळलेल्या वस्तूंची यादी ४८० वरून २५ वर आणली. दारू आणि तंबाखू सोडले तर जवळपास सगळे मोकळे. मोठ्या शेजाऱ्याने दाखवलेला हा मनाचा मोठेपणा होता, आणि मला तो योग्यच वाटतो. पण त्या वेळी भिवंडीच्या यंत्रमागवाल्याला किंवा ढाक्याच्या शिलाईवालीला, दोघांपैकी एकाला तरी, या टेबलाजवळ कोणी बोलावले होते का?

त्यानंतर दीडच वर्षाने उत्तर आले. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळच्या सावर येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११३४ माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले सर्वांनी पाहिले होते. खालच्या मजल्यांवर दुकाने होती आणि एका बँकेची शाखा होती. शाखेने आपल्या नोकरांना घरी पाठवले. दुकाने बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र सकाळी पाळीवर बोलावले गेले, कारण माल वेळेवर रवाना व्हायचा होता. ही बातमी मी बँकेत बसून वाचली आणि बराच वेळ पुढचे काही वाचू शकले नाही. एलसीवर माल रवाना करण्याची शेवटची तारीख छापलेली असते. ती चुकली तर पैसे अडकतात. तारखेची काळजी घेणारी कलमे किती काटेकोर असतात हे मला पाठ होते. भिंतीच्या तड्याची काळजी घेणारे कलम एकाही एलसीत मी कधी पाहिले नव्हते.

पण राणा प्लाझानंतर एक गोष्ट घडली जी दक्षिण आशियाच्या कोणत्याही शिखर परिषदेत घडली नव्हती. मे २०१३ मध्ये इमारत आणि आग यांच्या सुरक्षिततेचा एक करार झाला. त्यावर दोनशेहून अधिक परदेशी कपडे कंपन्यांनी सह्या केल्या आणि त्यांच्या सह्यांशेजारी जागतिक आणि बांगलादेशी कामगार संघटनांच्या सह्या झाल्या. करार कायद्याने बांधील. सुकाणू समितीत कंपन्या आणि संघटना यांच्या जागा समसमान, आणि अध्यक्षपदी कोण, तर आंतरराष्ट्रीय श्रम संघटना. वॉशिंग्टनला जोशी बसले होते तीच संघटना. अभियंते कारखान्या-कारखान्यांत गेले, तारा तपासल्या, खांब तपासले, कुलूप लावलेले जिने उघडायला लावले, धोक्याच्या इमारती रिकाम्या केल्या. २०२३ मध्ये या धर्तीचा करार पाकिस्तानातही लागू झाला. २०१४ च्या काठमांडू परिषदेनंतर सार्कच्या नेत्यांची शिखर परिषद झालेली नाही. पण कामगाराच्या सुरक्षिततेचा हा कागद मात्र त्याच सरहद्दी ओलांडून गेला. फक्त त्याला आधी ११३४ जीव द्यावे लागले.

जामीनदाराची सही घेतल्याने फरक पडतो, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. आणि सही न घेतल्याने काय होते याचा ताजा दाखला २०२५ चा आहे. ढाक्यातली सत्ता ऑगस्ट २०२४ मध्ये पालटल्यावर दोन देशांत बिनसले. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशाने भारतीय सुताची आयात जमिनीवरच्या नाक्यांतून बंद केली. मे महिन्यात भारताने बांगलादेशी तयार कपडे जमिनीवरून घेणे थांबवले आणि फक्त कोलकाता आणि आपले न्हावाशेवा या दोन बंदरांतूनच ते येतील असा आदेश काढला. हे निर्णय एका रात्रीत झाले. नेत्यांचा राग नेत्यांवर होता. पण पेट्रापोलच्या नाक्यावरचा हमाल, ट्रकचा क्लीनर, सूतगिरणीतला कामगार आणि शिलाई यंत्रावरची बाई यांच्या आठवड्याचा हिशेब कोलमडला. १९३४ ला निदान गाठी आणि वार मोजले गेले होते.

तिसऱ्या खुर्चीवर एक जुना आणि वजनदार आक्षेप आहे. १९९६ साली सिंगापूरला जागतिक व्यापार संघटनेची परिषद झाली तेव्हा श्रीमंत देशांना व्यापाराच्या करारांत कामगार-हक्कांचे कलम हवे होते. भारताने कडाडून विरोध केला. कामगाराच्या नावाने गळा काढायचा आणि गरीब देशाचा माल अडवायचा, हा त्यामागचा डाव आहे, असे आपले म्हणणे होते. आपल्या देशातल्या अनेक कामगार संघटनाही तेच म्हणत होत्या. त्यात तथ्य होतेच. पण हा आक्षेप परक्याने मांडलेल्या खुर्चीला आहे. शेजाऱ्याशेजाऱ्यांच्या टेबलावर आपणच आपली खुर्ची मांडायला कोणाची हरकत आहे? जुलै २०२५ मध्ये ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात तर कामगार या विषयावर स्वतंत्र प्रकरणच आहे. म्हणजे लंडनशी बोलताना जे चालते ते ढाक्याशी आणि कोलंबोशी बोलतानाही चालायला हवे.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असतो. सगळ्यांना विचारत बसलो तर करार व्हायचेच नाहीत, असे तो म्हणतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये भारत बँकॉकला आरसेप या मोठ्या आशियाई करारातून बाहेर पडला, त्यामागे दूध उत्पादक शेतकऱ्यांचा विरोध हे एक मोठे कारण होते. त्यांना कोणी आधी खुर्ची दिली नव्हती. त्यांनी रस्त्यावर येऊन आवाज केला म्हणून तो ऐकू गेला. आधी विचारले असते तर कदाचित दुधाला सांभाळून इतर काही मिळवता आले असते. न विचारल्याने वेळ वाचतो असे वाटते, प्रत्यक्षात भांडण फक्त शेवटच्या दिवसापर्यंत पुढे ढकलले जाते.

आपल्या सरकारने कामगारासाठी काहीच केले नाही असेही नाही. बंद पडलेल्या गिरण्यांच्या कामगारांसाठी १९८६ मध्ये केंद्राने पुनर्वसन निधी काढला. पात्र ठरलेल्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के अशी मदत त्यात होती. बेत चांगला होता. पण माणूस गेल्यावर घातलेल्या जेवणाने त्याची भूक भागत नाही. हाच निधी करारावर सही होण्यापूर्वी बाजूला काढला, कोणत्या जिल्ह्यातल्या कोणत्या धंद्याला झळ बसेल याची यादी जाहीर केली, त्या धंद्यातल्या संघटनांचे म्हणणे उघडपणे ऐकून घेतले आणि मोडायची वेळ आली तर किती महिने आधी सांगायचे हे करारातच लिहिले, तर त्याला सहकार्य म्हणता येईल. या मागण्यांत क्रांती वगैरे काही नाही. कुठलीही बँक घर तारण घेताना याहून जास्त चौकशी करते.

बँकेत एक पद्धत होती. सही करणाऱ्याला इंग्रजी येत नसेल तर कागद त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा, समजावून सांगायचा आणि 'मजकूर वाचून दाखवला, तो समजला' असा शेरा लिहून मग सही किंवा अंगठा घ्यायचा. घाईच्या दिवशी हे काम कंटाळवाणे वाटे. समोरचा माणूस मध्येच थांबवून विचारी, "बाई, हे बुडलं तर माझ्याकडून किती घेणार?" आणि आकडा सांगावाच लागे. कधी कधी तो आकडा ऐकून माणूस सही न करता उठून जाई, आणि कर्जाचा कागद पुन्हा, जरा नीट विचार करून, लिहावा लागे. देशादेशांतले करार मराठीत, बंगालीत, सिंहलीत वाचून दाखवण्याचा दिवस कधी उजाडेल कोण जाणे. पण तो प्रश्न विचारण्याचा हक्क ज्याच्याकडून वसुली व्हायची आहे त्याला आहे, आणि सही घेण्याच्या आधी त्याला आकडा सांगणे हे टेबलापलीकडे बसलेल्यांचे काम आहे.